ओहोटीच्या वाटेत तीनदा बंद पडलेलं इंजिन

"कार्बोरेटर साफ केलाय, आयडलिंग सेट केलंय, बिनघोर जा," असं सांगून मेकॅनिकने होडीचं इंजिन परत दिलं. तिसऱ्या दिवशी नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्याला खेटून जाणाऱ्या अरुंद वाटेत, तेच इंजिन वीस मिनिटांत तीनदा बंद पडलं. दंड अजून दुखताहेत, पण सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकतो.

इंजिन १५ हॉर्सपॉवरचं, फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. होडीत मी आणि धाकटा भाऊ. पहिले दोन दिवस उत्तम गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एक खूण मात्र तेव्हाच दिसली होती आणि मी ती सोडून दिली. गिअर टाकताना दर वेळी खाली खट्ट असा आवाज येत होता. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली असतानाची चाल, गरजेपेक्षा जास्त ठेवलं की क्लचचे दात असेच आपटतात.

आता ती वाट. एका अंगाला लाटा फुटताहेत, दुसऱ्या अंगाला गुडघाभर पाणी, आणि ओहोटी होडीला बाहेर ओढतेय. तिथे अगदी हळू जावं लागतं. थ्रॉटल पूर्ण खाली आणला, तसं इंजिन कार्बोरेटरमधून दोनदा शिंकलं आणि गप्प झालं. न्यूट्रलमध्ये एका ओढीत सुरू, गिअर टाकला की बंद. तिसऱ्या वेळी भावाने नांगर टाकला म्हणून आम्ही दांड्यावर चढलो नाही. पूर्ण ओहोटीत या वाटेने जाऊच नका. पाणी थांबतं तेव्हा जा, आणि नांगर दोरीसकट नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, मोकळा ठेवा, सामानाखाली नको.

नांगर धरल्यावर कारण शोधायला बसलो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती. मग इंजिन मरायला लागलं की भावाने पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबायचा, असं ठरवलं. फुगा दाबल्यावर इंजिन सावरलं, तर दोष टाकी, नळी, जोड किंवा पेट्रोल पंपाकडे असतो. आमचं सावरलं नाही. मग चोक अर्धा ओढला, म्हणजे आत जाणारी हवा कमी केली, आणि ते लगेच शांतपणे चालू लागलं! म्हणजे मंद चालीला पेट्रोल कमी पडतंय, किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. मोठ्या थ्रॉटलवर इंजिन दोन दिवस तक्रार न करता पळालं होतं, कारण तिथलं काम मुख्य जेट करतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. उरला मंद चालीचा पायलट जेट.

कार्बोरेटर उतरवला आणि माझं डोकं फिरलं. खालच्या वाटीच्या चारही स्क्रूंवर जुना रंग जसाच्या तसा होता, खाचेत स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडासुद्धा नाही. वाटी कधी उघडलीच गेली नव्हती. साफसफाईचे पैसे घेतले आणि केलं काय, तर आयडल स्टॉप स्क्रू आत पिळून थ्रॉटलची झडप थोडी उघडी ठेवली. जमिनीवर, पाण्याची नळी लावून, न्यूट्रलमध्ये अशाने इंजिन छान घुमतं. पाण्यात गिअर टाकला की पंख्याचा भार येतो, एक्झॉस्टलाही पाण्याचा दाब असतो, आणि खरं रूप दिसतं.

वाटीच्या तळाशी वार्निशसारखा पिवळट थर होता. इंजिन काही महिने उभं असताना आत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि हा डिंक मागे उरतो. जेट आभाळाकडे धरला, तर आरपार उजेड दिसेना. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारला, विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार आत फिरवली, पुन्हा स्प्रे. टाचणी किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं आणि जेट वाया जातो. हे काम ट्रेवर करा, जेट पाण्यात पडला तर संपलं. कव्हर उघडं, वारा खेळता, जवळ ज्योत नाही.

जोडल्यावर इंजिन दहा मिनिटं गरम केलं, होडी नांगरावरच ठेवून पुढचा गिअर टाकला आणि स्टॉप स्क्रू थोडा थोडा मागे घेतला. आयडलिंगचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. मिश्रणाच्या स्क्रूला मी हात लावला नाही. बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये तो कारखान्यातूनच सील केलेला येतो, आणि बंद जेटवर तो इलाजही नाही.

पुढे जाणाऱ्यांनी एवढं कराच. निघण्यापूर्वी होडी पाण्यात धक्क्याला घट्ट बांधा, इंजिन गरम करा, गिअर टाका आणि पूर्ण खालच्या थ्रॉटलवर पाच मिनिटं चालवा. मेकॅनिकला समोर उभं करा, पैसे त्यानंतर द्या. वाटीच्या स्क्रूंवर आधीच नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा, उघडले की तो तुटतो. सोबत स्प्रे, तांब्याची तार, दोन प्लग आणि वाटीचं गॅस्केट घ्या. इंजिन उभं करून ठेवताना वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल भांड्यात काढून घ्या.

परतताना भरतीच्या शेवटी, पाणी थांबल्यावर, त्याच वाटेत शिरलो. मधोमध मुद्दाम थ्रॉटल पूर्ण खाली आणला. इंजिन टकटक करत चालत राहिलं, गिअर बदलताना खालून आवाज आला नाही, आणि भावाने उचलून धरलेला नांगर खाली ठेवला.