शह

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी पहिला शह दिला, आणि शेजारच्या खोलीतून हे म्हणाले, “एवढ्यात नको.”

मी लक्ष दिलं नाही. घड्याळ चालू होतं.

आमच्या बँकेतल्या निवृत्तांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एरवी महागाई भत्ता, गुडघ्यांचे व्यायाम आणि पहाटे पाच पंचावन्नला दव पडलेला गुलाब. यंदा पावसाळ्यात कुणालाच बाहेर पडता येईना, तेव्हा एकानं टूम काढली की बुद्धिबळाची स्पर्धा घेऊ. ऑनलाइन आणि मैत्रीपूर्ण. ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे तपासणी विभागात होते. त्यांची मैत्री आम्ही सगळ्यांनीच मार्चअखेर अनुभवलेली. तरी एकोणीस जणांनी नावं दिली.

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचं खातं मला भाच्यानं उघडून दिलं. २०१० साली एका फ्रेंच प्रोग्रॅमरनं सुरू केलेली ही जागा. जाहिरात नाही, वर्गणी नाही, सगळा कारभार देणग्यांवर. बँकेत जन्म गेल्यामुळे फुकट म्हटलं की मी आधी बारीक अक्षरं शोधते. बरंच शोधूनही सापडली नाहीत. खातं उघडल्या उघडल्या माझ्या नावापुढे १५०० गुण आले आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह. जामीन नाही, ओळख नाही, आणि अनोळखी बाईला एवढी पत! आमच्या शाखेत असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याची बदली झाली असती. अर्थात प्रश्नचिन्ह होतं म्हणा. ते आम्हीही लावायचो, फक्त पेन्सिलीनं.

स्पर्धेचा प्रकार असा की तासभर नुसतं खेळत राहायचं. एक डाव संपला की लगेच दुसऱ्याशी गाठ. जिंकलं की २ गुण, बरोबरी झाली की १. लागोपाठ दोन डाव जिंकले की पुढच्या डावाला गुण दुप्पट, आणि नावाशेजारी एक ज्वाळा पेटते. मला ती लाभली नाही. शिवाय एक बटण असं आहे की ते दाबलं तर आपलाच वेळ अर्धा होतो आणि तशातही जिंकलात तर एक गुण जास्त. ज्यांना आधीच वेळ कमी उरलाय अशा माणसांपुढे हे बटण का ठेवावं? आमच्यातल्या एकानं ते चुकून दाबलं आणि ग्रुपवर विचारत बसले, ‘माझं घड्याळ का पळतंय?’ त्यांना उत्तर देईपर्यंत दुसऱ्या कुणाचा तरी वेळ संपला.

हे सगळं मान्य. मला खुपलं ते वेगळंच. शह दिला की समोरच्या राजाच्या घराखाली लाल उजेड पडतो, ताप चढल्यासारखा, आणि बास. कुणी काही म्हणत नाही. म्हणून मी म्हणते. टोपणनावाआड कोण बसलंय ते ठाऊक नाही, त्याला ऐकू जायचा तर प्रश्नच नाही, तरी शह दिला की माझ्या तोंडून ‘शह’ निघतोच, आणि चांगला ठसठशीत निघतो. याला कारण आमचे बापूकाका.

सांगलीला गावभागात आमचा वाडा होता. ओसरीवर रेक्झिनचा पट पसरलेला, त्याच्या एका कोपऱ्याला उदबत्तीनं पडलेलं भोक. काळ्यांचा एक उंट कधीचा हरवला होता, त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ. वारा सुटला की ते गडगडत पटाबाहेर जाई, आणि ते नेमकं कुठल्या घरात होतं यावर भांडण. बापूकाका कापडगिरणीत मागखात्यात होते. पाळी संपवून आले की हातपाय धुऊन सरळ पटावर. तेही सरळ नव्हे, कारण त्यांची बसायची तऱ्हा वेगळी होती. समोरच्याकडे तोंड करून ते कधी बसायचेच नाहीत. तिरके बसायचे, उजवा खांदा पुढं, नजर पटावर वाकडी. आजी म्हणायची, “उंटाचं भूत शिरलंय ह्याच्यात.” मला ती ऐट वाटायची. गल्लीत भातुकली खेळतानासुद्धा मी तशी बसायची. अजून कॉम्प्युटरपुढे तशीच बसते. भाचा म्हणतो, “मामी, सरळ बसा, मान धरेल.” मान धरतेच.

त्या ओसरीवर माझं काम होतं पाण्याचे तांबे-भांडी नेऊन ठेवायचं आणि दाराशी उभं राहायचं. उभ्या उभ्या मी खेळ शिकले. ‘शिकवलं’ असं कुणी नाही. १९७६ साली मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. वय वर्षं १३. मुंबईच्या या तिघी बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला सुरू झाली, आणि तिचं विजेतेपद सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांच्याच घरी मुक्कामाला होतं. पण पुरुषांच्या पटावर मुलगी बसली म्हटल्यावर गहजब झाला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युव्हे यांना निवाडा द्यावा लागला की बायकांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. बापूकाकांनी सगळं वर्तमानपत्रात मोठ्यानं वाचलं. ते सगळंच मोठ्यानं करायचे. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

“आपण काय कोर्टाची वाट बघायची का? ये, बस.”

मी भांडं खाली ठेवलं आणि बसले.

बापूकाका जुन्या देशी पद्धतीनं खेळायचे. प्यादं पहिल्यांदासुद्धा एकच घर सरकायचं. राजा-हत्तीनं एकाच चालीत जागा बदलायची, तो किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारायची मुभा, पण एका अटीवर: तोवर राजाला शह बसलेला नसला पाहिजे. एकदा शह बसला की उडी गेली. त्यामुळे आमच्याकडे शह ही नुसती धमकी नव्हती, तो एक कायदेशीर दस्तऐवज होता. दिला की नाही, कधी दिला, साक्षीदार कोण. वजिरावर हल्ला केला तरी ‘वजिराला शह’ म्हणून सांगायची पद्धत होती. न सांगता वजीर मारणं हा खेळ नव्हे, दरोडा.

तर मी हळूच म्हणायची, “शह.” वडीलधाऱ्या माणसाला शह द्यायचा म्हणजे जीभ जडच व्हायची. काकांचा राजा तसाच उभा, आणि काका दुसरीकडे कुठंतरी निवांत प्यादं सरकवताहेत.

“काका, शह आहे.”

“कधी दिलास?”

“मघाशी.”

“ऐकू नाही आला बघ. मोठ्यानं म्हणायचं की, पोरी! ऐकू न आलेला शह म्हणजे न दिलेला शह.” आणि राजा टुणकन अडीच घरं पलीकडं.

किती वेळा रडले मी त्यापायी. आईकडं तक्रार नेली तर आई म्हणाली, “लबाड आहे तो लहानपणापासून.” शेवटी मी ठरवलं, आता असा शह द्यायचा की लबाडीला जागाच उरणार नाही. ‘शह’ हा शब्द ओरडायला तसा सोयीचा नाही. सुरुवातीला नुसता वारा आणि शेवटी पुन्हा वाराच. ‘मात’ कसा टप्पकन पडतो! पण सवयीनं जमलं. समोरच्या वाड्यातल्या म्हाताऱ्या मावशी खिडकीतून विचारायच्या, “कुणाला गं?”

पुढं उन्हाळ्याच्या सुट्टीत बापूकाकांनीच मला स्पर्धेला नेलं. सांगलीत बुद्धिबळाचं वेड म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ. त्यांच्यामुळे आमच्या गावात पोरांच्या दप्तरातसुद्धा पट असायचा. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, आणि पंख्याचा तेवढा आवाज. तेराव्या की चौदाव्या चालीला मी समोरच्या मुलाला घोड्यानं शह दिला. घरच्यासारखा. पंख्याखेरीज सगळं थांबलं. चाळीस माना वळल्या. समोरच्या मुलाचा हात लागून त्याचाच हत्ती पडला. पंच तोंडावर बोट ठेवून आले आणि कानाशी वाकून म्हणाले, “बाळ, सांगावं लागत नाही. तो बघतो.” नियमात शह सांगावा असं कुठंच नाही, उलट मोठ्या खेळाडूंत ते जरा गावंढळच समजतात, हे मला तिथं कळलं. मी आणखी चार डाव तोंड शिवून खेळले आणि चारही हरले. परत येताना बापूकाकांना म्हटलं, “तुमच्यामुळं.” ते म्हणाले, “काय?” मी फुरंगटून पुन्हा बोललेच नाही.

नंतर दहावी, कॉलेज, बँकेची परीक्षा, लग्न. पट माळ्यावर गेला. रिळाला दोरा कुणी गुंडाळला देव जाणे.

मधे एकदा सहज कोशात बघत होते. ‘शह’ म्हणजे फारसी शाह, राजा. ते माहीत होतं. पण इंग्रजी ‘चेक’ही त्याच शाहपासून निघाला, आणि बुद्धिबळातला हा चेक फिरत फिरत बँकेत पोचला. म्हणजे चौतीस वर्षं मी रोज शेकड्यांनी शह वटवले, परत पाठवले, त्यांच्यावर आडव्या रेघा मारल्या, आणि पगारही घेतला. एवढं पुण्य गाठीशी असताना एकोणिसांत चौदावी यावे?

बरं, तोंड बंद ठेवलं असतं तर बारावी तरी आले असते. झालं असं की शेवटच्या डावात माझी बाजू चांगली होती. माझा एक हत्ती जास्त, समोरचा राजा कोपऱ्यात. प्रत्येकी पाच मिनिटांचा डाव, माझ्याकडे सेकंद उरले होते चाळीस. मी वजिरानं शह दिला. लाल उजेड पडला. पलीकडं चाल होईना. दहा सेकंद, पंधरा सेकंद. आणि मला उगाच वाटलं, ह्याला ऐकूच गेला नाही. आता इथं बापूकाकांची मात्रा चालत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. राजावर शह असताना तो न मोडणारी चाल केली तर सोंगटी आपली घरी परत येऊन बसते, शाळा बुडवणाऱ्या पोराला कान धरून बाकावर बसवावं तशी. तरी राहवलं नाही. बाजूच्या चौकटीत संदेश लिहायची सोय होती. तिथं मी लिहायला घेतलं. कीबोर्ड इंग्रजी, तो मराठीत आणला. ‘स’ आला. पुसला. ‘षह’ आला. तेवढ्यात त्यानं राजा हलवला आणि माझं घड्याळ सुरू झालं. पण हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायची मला सवय नाही. ‘शह’ लिहून पाठवला.

उत्तर आलं, “दिसतंय.”

मी पटाकडं वळले तेव्हा घड्याळात तीन सेकंद होते. मग तेही नव्हते.

डाव संपल्यावर यंत्र आपल्या चुकांचा हिशेब देतं. घोडचुका दोन, म्हणालं. दोन्ही हत्तीच्या होत्या. लिहीत बसण्यात जी झाली ती चूक त्याच्या यादीत नाही. ग्रुपवर संध्याकाळी निकाल लागला, पाठोपाठ गुलाब आले, आणि ‘दिसतंय’ लिहिणारे ते तपासणीचेच साहेब निघाले. अंदाज होताच.

पाच वाजता हे बाहेर आले. जरा घुश्शातच.

“तासभर नुसतं चहा, चहा चाललंय. मी एकदा नको म्हटलं, तर पुढं अजून ठेवलाच नाहीस?”

मला आधी काही कळेना. मग इतकं हसू आलं की खुर्चीतून उठवेना. “अहो, शह! शह म्हणत होते मी!”

“तेच म्हणतोय, कर ना मग.”

टीव्हीचा आवाज हल्ली अडतीसवर असतो. मी वीसवर आणते, मी स्वयंपाकघरात गेले की तो परत अडतीस. कानाच्या तपासणीची तारीख ह्यांनी दोनदा पुढं ढकललीय. म्हणे तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता. मी चहा ठेवला, कप घेऊन आले. हे माझ्यासमोर बसले, आणि बसता बसता खुर्ची थोडी वळवली. उजवा खांदा पुढं.

“हां, आता सांग, काय म्हणत होतीस?”

मी कप हातात धरून बघत राहिले. मागखाते. एका छपराखाली शेकडो माग, पाळीच्या पाळी, तीस वर्षं. त्यांच्या मोठ्यानं बोलण्याला आम्ही सगळे हसायचो. ते जाऊनही आता तीस वर्षं व्हायला आली.

घरात सगळ्यांना वाटायचं, बापूकाका लबाड आहेत. मलाही.