आडनाव नसलेल्या माणसांचा शोध

बोस्टनजवळच्या आमच्या गावातील ग्रंथालयाला अठराव्या शतकातील कृष्णवर्णीय रहिवाशांच्या नोंदी गोळा करण्यासाठी स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिले तेव्हा आमच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, गुलामगिरी होती हेच मला धड ठाऊक नव्हते. तिला १६४१ च्या कायद्याने मान्यता दिली होती आणि १७८० च्या राज्यघटनेनंतर एलिझाबेथ फ्रीमन व क्वॉक वॉकर या गुलामांच्या स्वातंत्र्यासाठीच्या खटल्यांनी तिचा पाया खचला, हे मी कामाला लागल्यावर शिकलो.

पहिला महिनाभर हाती काहीच लागले नाही. जुन्या कागदांच्या सूच्या आडनावांवरून लावलेल्या, आणि मी शोधत होतो ती माणसे केटो, पाँपी, फिलिस अशा, बहुधा मालकाने ठेवलेल्या, एकेरी नावांनी नोंदलेली. शेवटी आमच्या गटातील एका ज्येष्ठ बाईंनी सांगितले, की आधी मालक शोधा. मालक वारला की शेजारपाजारचे दोघे-तिघे त्याच्या घरात फिरून मालमत्तेची यादी करीत आणि ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, न्यायालयात जमा होई. मिडलसेक्स काउंटीतील अशाच एका यादीत ‘एक निग्रो बाई’ मला बैलजोडी आणि चरखा यांच्या मधल्या ओळीत सापडली. समोर किंमत होती, नाव नव्हते. त्या दिवशी मी पुढचे पान उलटले नाही.

त्या किमतीनेही मला फसवले. १७५० पर्यंत तिथे घसरलेल्या कागदी नोटांचा हिशेब चाले आणि तसले साडेसात पाउंड म्हणजे नव्या चलनातील एक पाउंड. मी दोन्ही आकडे सरळ शेजारीशेजारी मांडले होते. तारखांचेही तसेच, कारण १७५२ पूर्वी तिथले वर्ष २५ मार्चला बदलत असे. अक्षर मात्र सवयीने वाचता येऊ लागले. आजोबांच्या मोडी दस्तांवर पूर्वी घालवलेल्या दुपारी इथे कामी आल्या असाव्यात.

१७७१ च्या करयादीत ‘आजन्म नोकर’, म्हणजे गुलाम, असा रकाना आहे, पण त्यात १४ ते ४५ वयाचेच लोक मोजलेले आहेत. मुले आणि म्हातारी माणसे चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शोधावी लागतात, आणि तिथेही नुसते ‘सर्व्हंट’ लिहिलेले असेल तर तो पगारी नोकर होता की गुलाम, हे घरातील इतर कागद पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. त्या बाईच्या मालकाच्या घरातील एका फिलिसचा बाप्तिस्मा मला त्याच वहीत सापडला. दोघी एकच, असे मला मनापासून वाटते; तक्त्यात मात्र मी ‘शक्यता’ एवढेच लिहिले.

तक्ता भरताना मी आडनावाच्या रकान्यात सवयीने मालकाचे आडनाव टाकत गेलो होतो. त्यावरून गटात बरीच चर्चा झाली. अखेर मालकासाठी वेगळा रकाना केला आणि मी माझ्या सगळ्या ओळी पुन्हा भरल्या. फिलिसच्या ओळीत आडनावाची जागा आता रिकामी आहे.