थर्मोपिलीची खिंड आणि सुती वस्त्रांतले धनुर्धर

कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याच्या आग्रहाखातर आज दुपारी झॅक स्नायडर यांचा २००६ सालचा ‘३००’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. रक्ताचे थेंब हवेत संथपणे तरंगतात, आकाश तांबूस करडे होते आणि प्रत्येक दृश्य चित्रकथेच्या पानावरून उतरल्यासारखे वाटते. डोळ्यांना हे सारे सुखावते, हे मी नाकारणार नाही.

मात्र इसवीसनपूर्व ४८० मध्ये स्पार्टा या ग्रीक नगरराज्याच्या लिओनिडास राजासोबत पर्शियन (प्राचीन इराणी) सैन्याविरुद्ध ग्रीसमधली थर्मोपिलीची खिंड लढवणारे स्पार्टन चित्रपटातल्यासारखे उघड्या छातीने नव्हे, तर कांस्याची शिरस्त्राणे आणि मोठ्या गोल ढाली घेऊन उभे होते, आणि अखेरच्या दिवशी त्यांच्यासोबत थेस्पिया नगराचे सुमारे सातशे सैनिकही मरण पत्करून थांबले होते. पडद्यावर शेवटच्या घडीला स्पार्टनच उरतात. स्वातंत्र्याच्या गर्जना करणाऱ्या त्याच स्पार्टाची शेते हेलॉट म्हणजे वेठीला जुंपलेली माणसे कसत असत, याबद्दलही अवाक्षर नाही. (घोषणा मात्र भरपूर आहेत.)

पर्शियन सैन्याला तर चक्क राक्षसांचे रूप दिले आहे, त्यामुळे २००७ मध्ये इराणने घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. त्या सैन्यात सुती वस्त्रे नेसलेले आणि वेताची धनुष्ये बाळगणारे भारतीयही होते, अशी प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची नोंद आहे, हे मी सांगितल्यावर भाचा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मामा, मग मघापासून मी टाळ्या कुणासाठी वाजवत होतो?”