अपघाताच्या पुनर्रचनेत अडकलेले अकरा आठवडे

पदव्युत्तर अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी मी फॉर्म्युला वन शर्यतींचा चालक रोमाँ ग्रोजाँ याच्या अपघाताची संगणकीय अ‍ॅनिमेशनद्वारे पुनर्रचना केली. हा अपघात २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीन ग्रां प्रीच्या पहिल्याच फेरीत झाला होता. ब्लेंडर या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक उभा करणे, गाडीची प्रतिकृती बनवणे आणि कॅमेऱ्याची जागा जुळवणे ही कामे महिन्याभरात उरकली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. लिहायचे आहे ते एका अर्जाबद्दल, कारण याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तरी तेवढे दिवस वाचावेत असे मला मनापासून वाटते.

अडचण वेगाची होती. माझ्याकडची चित्रफीत सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रक्षेपणावरून ३० फ्रेममध्ये बदललेली होती. त्यामुळे दर पाच खऱ्या फ्रेमनंतरची सहावी फ्रेम म्हणजे मागचीच नक्कल होती, आणि मी मांडलेल्या हिशेबात ताशी १९२ किलोमीटरने जाणारी गाडी कधी २३० ने धावत होती, तर कधी जागच्या जागी थांबत होती. हे लक्षात यायलाच मला चार दिवस लागले. मूळ प्रक्षेपणाची प्रत मिळाल्याशिवाय काम पुढे न्यायचे नाही, असे मी ठरवले, आणि इथेच मी चुकलो.

अशा चित्रफिती पुरवणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे मी अर्ज केला. वापराच्या उद्देशाच्या रकान्यात बातमी, जाहिरात, चित्रपट आणि इतर असे चारच पर्याय होते. अभ्यासाला त्यात जागा नव्हती. ‘इतर’ निवडल्यावर कंपनीचा नोंदणी क्रमांक भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मी महाविद्यालयाचे नाव आणि विभागप्रमुखांचे पत्र जोडले, तेव्हा तीन आठवड्यांनी उत्तर आले की प्रक्षेपण कोणत्या देशांत आणि किती काळ होणार ते कळवावे. प्रक्षेपण होणारच नाही, ही चित्रफीत केवळ मोजमापासाठी हवी आहे, असे मी कळवले. त्यावर वेगळ्याच व्यक्तीने पहिल्यापासून तीच माहिती पुन्हा मागितली. तिसऱ्या खेपेला दरपत्रक आले, आणि त्यातली किमान रक्कम माझ्या वर्षाच्या शुल्काहून अधिक होती. नकार स्पष्ट शब्दांत पहिल्याच आठवड्यात मिळाला असता, तर मला त्याचे काही वाटले नसते. अकरा आठवडे मी दर सोमवारी सकाळी टपालपेटी उघडून बसत होतो, आणि धडकेच्या जागी माझी गाडी तशीच उभी होती, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

यातून बाहेर काढले ते आमच्या मार्गदर्शक मॅडमनी. त्यांनी विचारले, “तुला नेमके काय हवे आहे, चित्र की मोजमाप?” मग त्यांनी मला एक साधा हिशेब करायला लावला. मोटार क्रीडेच्या जागतिक महासंघाने, म्हणजे एफआयएने, मार्च २०२१ मध्ये चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले होते. त्यांनुसार दानिल क्व्यात या दुसऱ्या चालकाच्या गाडीला ग्रोजाँच्या गाडीचे मागचे उजवे चाक लागून ताबा सुटला तेव्हा वेग ताशी २४१ किलोमीटर होता. लोखंडी कठड्यावर गाडी १९२ च्या वेगाने आणि सुमारे २९ अंशांच्या कोनात आदळली, आणि आघाताचा कमाल जोर ६७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट, इतका होता. हा कमाल जोर सलग टिकला असे धरले, तरी पूर्ण वेग शून्यावर यायला सुमारे ०.०८ सेकंद लागतात, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रफितीत केवळ दोन फ्रेम! मूळ प्रत हाती आली असती तरी जे मला पाहायचे होते ते तिच्यात नव्हतेच. म्हणूनच फॉर्म्युला वनच्या गाड्यांत १९९७ पासून अपघाताची नोंद करणारे यंत्र असते, आणि २०१६ पासून चालकाकडे रोखलेला, सेकंदाला ४०० फ्रेम टिपणारा कॅमेराही असतो.

त्यानंतर सगळे नऊ दिवसांत झाले. जाहीर आकडे हे खुंटे मानून मी त्यांच्या मधली हालचाल भरली. कोन मांडल्यावर दिसले की कठड्याला काटकोनात येणारा वेग सुमारे ९३ किलोमीटर होता आणि उरलेला कठड्याच्या समांतर. कठड्याची मधली पट्टी तुटून गाडी आत घुसते, तेव्हा वरच्या पट्टीची पातळी आणि चालकाच्या डोक्याची पातळी किती जवळ येतात हे बाजूच्या कोनातून पाहिले, आणि २०१८ पासून सक्तीची झालेली हेलो ही चालकाच्या डोक्याभोवतीची टायटॅनियमची संरक्षक कमान मला खऱ्या अर्थाने कळली. पट्टी का तुटली हे मात्र अ‍ॅनिमेशन सांगू शकत नाही; त्यासाठी धातूच्या ताणाचे गणित करणारी वेगळी प्रणाली लागते, आणि हा फरक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावा.

आधी सांगायचे राहून गेले: चित्रफीत उघडल्याबरोबर नक्कल झालेल्या फ्रेम मोजून काढून टाकाव्यात. ग्रोजाँला आगीतून बाहेर पडायला लागलेल्या २७ सेकंदांसाठी मला तीच जुनी, साफ केलेली प्रत पुरली. त्याचा डावा पाय अडकला होता आणि बूट आतच सोडून त्याने तो ओढून काढला, हे ज्वाळांमुळे कोणत्याच कॅमेऱ्यात दिसत नाही. ती हालचाल मी निष्कर्ष वाचून, प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री भरली.