कोयता आणि उचल

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात हंगामाआधी मुकादमाच्या दारात ऊसतोड जोडप्यांची गर्दी होते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि त्या कोयत्याने ऊस तोडण्याआधीच त्याच्यावर चढलेली उचल, म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. श्रम ज्यांचे, त्यांचा उत्पादनाच्या साधनांवर आणि मिळकतीवर अधिकार का नसावा, हा समाजवादाचा मूळ प्रश्न मला त्या दारातच समजला.

उत्तरे मात्र अनेक निघाली. गिरणीमालक रॉबर्ट ओवेनने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या आपल्या सूतगिरणीत कामाचे तास कमी केले आणि मुलांसाठी शाळा काढली; मार्क्सने मालकाच्या सदिच्छेऐवजी वर्गसंघर्षावर भिस्त ठेवली; तर १८८४ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या फेबियन सोसायटी या समाजवादी संघटनेने सनदशीर, टप्प्याटप्प्याच्या बदलाचा मार्ग धरला.

आपल्याकडे १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्या परंपरेतले राममनोहर लोहिया मला सर्वांत जवळचे वाटतात, कारण जात वगळून भारतातल्या विषमतेचा विचार होऊच शकत नाही, हे त्यांनी ठामपणे मांडले. केवळ मालकी बदलून आमच्या गावची वेस आणि वस्ती यांतले अंतर मिटणार नाही, हे मी रोज पाहतो.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी सरकारी कामावर खडी फोडायची आणि तिथे मिळालेली सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, पदरात बांधून घरी आणायची. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, आणि काम मागणे हा हक्क ठरला. क्रांतीची भाषा त्यात नव्हती. तरीही मी त्याला समाजवादच म्हणतो.