आंबेनळी घाटात न्यूट्रलवर उतरलेली गाडी

पोलादपूरला माझे गॅरेज आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता इथूनच आंबेनळी घाटात चढतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्यांच्या तक्रारी बहुधा दोनच प्रकारच्या असतात. वर चढणाऱ्यांचे इंजिन तापलेले असते आणि खाली उतरणाऱ्यांचे ब्रेक. इंजिन तापले तर गाडी थांबते, माणसे खोळंबतात, पण जिवावर सहसा बेतत नाही. ब्रेक तापले तर गाडी थांबत नाही, आणि हा फरक गाडीतल्या माणसांना बहुतेक वेळा घाटातच कळतो.

दिवाळीच्या सुट्टीतली ही घटना आहे. दुपारी वाडा कुंभरोशीच्या खालच्या अंगाला चहाची टपरी चालवणाऱ्या मामांचा फोन आला. एका सात आसनी गाडीचा ब्रेकचा पेडल मघाशी थेट खाली गेला होता. आता तो पुन्हा व्यवस्थित लागतो आहे असे गाडीवाल्यांचे म्हणणे असून ते निघायच्या तयारीत आहेत, पण मला त्यांना सोडवत नाही, तुम्ही लगेच या, असे ते म्हणाले. मी गाडीवाल्यांनाच फोनवर घेतले आणि काहीही झाले तरी मी येईपर्यंत गाडी हलवू नका, चाकांवर पाणीही ओतू नका, एवढेच सांगितले. चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर, म्हणजे डिस्कवर, ती लालबुंद तापलेली असताना गार पाणी पडले तर ती वाकते किंवा तडकते, आणि टपरीवर मदतीला धावणारी माणसे सद्भावनेने हमखास पहिल्यांदा तेच करतात.

पोहोचलो तेव्हा गाडीत आजोबा-आजी, मुलगा-सून, दोन नाती आणि एक नातू असा परिवार होता. वर कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधलेल्या बॅगा होत्या. महाबळेश्वर करून ते दापोलीला निघाले होते. गाडी मुलगा चालवत होता आणि शेजारी बसलेले आजोबा त्याला मार्गदर्शन करत होते. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, म्हणजे कोणताच गिअर ठेवायचा नाही, पेट्रोल वाचते, ही आजोबांची आयुष्यभराची शिस्त होती आणि मुलाने ती वडिलांकडूनच घेतली होती. महाबळेश्वर सोडल्यापासून गाडी बहुतेक सगळा उतार न्यूट्रलमध्येच, ब्रेकवर पाय ठेवून उतरली होती. आधी जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा असेल असे त्यांना वाटले. मग एका वळणाच्या आधी पेडल मऊ लागला आणि पुढच्या क्षणी पाय तळापर्यंत गेला. मुलाने त्या वेळी जे केले त्याबद्दल मी त्याला मनापासून शाबासकी दिली. त्याने पेडल भराभर मारत राहून थोडाफार दाब मिळवला, गाडी तिसऱ्यात आणि लगेच दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढला आणि दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या कडेची कच्ची जागा धरली. चाके मातीत घासून गाडी थांबली. कोणालाही खरचटलेसुद्धा नव्हते. अर्ध्या-पाऊण तासानंतर ब्रेक पुन्हा लागायला लागल्यावर तशीच हळूहळू चालवत त्यांनी ती टपरीपर्यंत आणली होती.

माझ्यापुढचा खरा प्रश्न हा होता. मी पेडल दाबून पाहिला, तर तो अगदी नव्या गाडीसारखा कडक लागला. आजोबा म्हणाले, "मिस्त्री, पाहिलंत ना? गरम झाला होता, आता थंड झाला. पोलादपूर काही लांब नाही, आम्ही सावकाश जातो." अशा वेळी माणसाला समजावणे सगळ्यात अवघड असते, कारण त्याच्या पायाला जे जाणवते ते माझ्या बोलण्याच्या विरुद्ध असते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. कोरड्या, नव्या डॉट ३ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की मानकानुसार हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत खाली आलेले चालतात. सतत घासणारी डिस्क याच्या कितीतरी पुढे तापते. ती उष्णता डिस्कला घासणाऱ्या पॅडमधून, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनकडे जाते आणि तिथले ऑइल उकळते. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल नुसता खाली जातो. थंड झाल्यावर त्या वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पहिल्यासारखा लागतो. पण ऑइल तेच असते, पाणी तेच असते, पॅडचा पृष्ठभाग मात्र आता काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. म्हणून पुढच्या उतारावर पेडल पुन्हा जाऊ शकतो, आणि पॅडची पकडही कमी झालेली असते. हे सगळे मी आजोबांना तिथे उभ्याउभ्या सांगितले आणि ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून आतले काळपट ऑइल दाखवले. ओल तपासण्याचे पेनाएवढे उपकरण माझ्याकडे असते. ते बुडवल्यावर लाल दिवा लागला. आजींनी मग निर्णय घेतला. त्या म्हणाल्या, "आता कोणी यात बसायचं नाही." मंडळींना मामांच्या ओळखीच्या जीपमधून पोलादपूरला पाठवले आणि गाडी मी क्रेनने खाली आणली.

गॅरेजमध्ये पुढची चाके उतरवली तेव्हा डिस्कवर निळसर झाक चढलेली होती, दोन्ही बाजूंचे पॅड चकाकत होते आणि एका कॅलिपरचे रबर भाजून कडक झाले होते. सर्व्हिसचे कागद पाहिले. चार वर्षांत ब्रेक ऑइल एकदाही बदललेले नव्हते. मुलाने प्रामाणिकपणे सांगितले की सर्व्हिसच्या अंदाजपत्रकात ते लिहिलेले असायचे, पण इतर दहा गोष्टींबरोबर तेही तो खोडून टाकायचा. याबाबतीत मी त्याला पूर्ण दोष देऊ शकत नाही. इंजिन आतून धुण्याचे, कार्बन काढण्याचे, निरनिराळ्या बाटल्या ओतण्याचे अनावश्यक काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारे आमच्या व्यवसायात कमी नाहीत, आणि त्याचा परिणाम म्हणून गिऱ्हाईक आवश्यक आणि अनावश्यक यांत भेद करणेच सोडून देतो. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी कमी चालली असली तरीही. आमच्या कोकणातल्या पावसाळी हवेत तर मी त्यात टाळाटाळ करूच देत नाही. हे काम काही शे रुपयांत होते. आता दोन डिस्क, पॅडचा जोड, कॅलिपरचे किट, ऑइल, क्रेन आणि लॉजचा मुक्काम असा खर्च दहा हजारांच्या पुढे जात होता. डिस्क महाडहून यायच्या होत्या, त्यामुळे त्यांना एक रात्र राहणे भाग होते.

संध्याकाळी मुलगा, आजोबा आणि अकरावीला विज्ञान शाखेत असलेली थोरली नात गॅरेजमध्ये येऊन बसली. ब्रेक इतके तापतातच कसे, असा त्या मुलीचा प्रश्न होता. मी म्हटले, "ताई, तूच हिशेब कर." माणसे आणि सामान धरून गाडी सोळाशे किलोची, महाबळेश्वर ते पोलादपूर उतार ढोबळमानाने बाराशे मीटरचा. तिने बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार मांडला आणि उत्तर आले एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण सव्वातीन कोटी ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे हा घाट उतरताना अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल जाळल्याएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायरच्या घर्षणात, आणि उरलेली एकतर इंजिन ओढून धरते किंवा ब्रेक पितात. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनचा वाटा संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात घाट उतरताना वजन पुढच्या चाकांकडे झुकलेले असते, म्हणून पुढच्या डिस्क आधी जातात.

आजोबा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारले, "पण मिस्त्री, पेट्रोल तर वाचतंच ना?" मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटला, कारण त्यांच्या पिढीने गाडी काटकसरीने चालवली म्हणूनच घरात गाडी टिकली, आणि त्या काटकसरीला मी कमी लेखत नाही. त्यांनी उमेदीची वर्षे कार्बोरेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाड्यांवर काढली होती. कार्बोरेटरमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवून उतरवली तरी इंजिन फिरत असेपर्यंत आयडलच्या, म्हणजे पाय काढल्यावरही उघड्या राहणाऱ्या बारीक वाटेने पेट्रोल ओढतच राहते, त्यामुळे न्यूट्रलमध्ये थोडे वाचते हा त्यांचा अनुभव खोटा नव्हता. धोका मात्र तेव्हाही तितकाच होता. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब उलटला आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले की कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. चाकेच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल अजिबात जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जाळावेच लागते, आणि लहान पेट्रोल इंजिन नुसते उभे राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते. म्हणजे त्या दिवशी त्यांनी जे वाचवले असे त्यांना वाटत होते, ते प्रत्यक्षात खर्च झाले होते. काहीजण उतारावर इंजिनच बंद करतात. ते तर कोणीही, कधीही करू नये. पायाचा जोर वाढवणारा, व्हॅक्यूमच्या बळावर चालणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर रिकामा होतो, स्टिअरिंग जड होते, आणि चावी काढली तर ते कुलूपबंदही होऊ शकते.

तोंडी सांगून साठ वर्षांची सवय जात नाही हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झाल्यावर चाचणीसाठी मी आजोबांना शेजारी आणि नातीला मागे बसवले, सर्वांना पट्टे लावायला लावले, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर गाडीला जोडून नातीच्या हातात दिला. कापडे गावाच्या पुढे थोडा चढ चढून आम्ही वळलो. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढला, तेव्हा स्कॅनरवर इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ शून्यावर आला. मोकळ्या, जवळजवळ सपाट तुकड्यावर काही क्षण न्यूट्रल केले, तर आकडा लगेच वर आला. पुन्हा गिअर, पुन्हा शून्य. आजोबांनी मागे वळून तिच्या हातातला पडदा स्वतः पाहिला आणि "आणखी एकदा करा" म्हणाले. मी आणखी एकदा केले.

परतल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, आणि तो मला सगळ्यांत आवडला. मग पेट्रोल वाचवायचे तरी कुठे? मी त्यांना गाडीभोवती फिरवले. चारही टायरमध्ये हवा चार-पाच पीएसआयने कमी होती. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलेला असतो. तो कोणी पाहिलाच नव्हता. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, पेट्रोल जास्त जाते, आणि तोच टायर उन्हात महामार्गावर तापून फुटतो. हवा टायर थंड असताना, निदान महिन्यातून एकदा आणि प्रवासाआधी पाहावी. एअर फिल्टर चोंदला होता, तो बदलला. कॅरिअर रिकामा असतानाही वर्षभर गाडीवर असतो असे कळले. महामार्गाच्या वेगाला तो हवा अडवतो, म्हणून दापोलीहून परतल्यावर काढून ठेवायला सांगितले. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबत जायचे आणि जवळ जाऊन ब्रेक मारायचा, ही सवय तर पेट्रोल, पॅड आणि मागे बसलेल्या आजींची कंबर, तिन्हींना खाते. मागच्या रांगेतल्या मुलांच्या पट्ट्यांची कुलुपे सीटखाली गेली होती, ती माझ्या मुलाने वर काढून दिली. पट्टा मागच्या सीटवरही कायद्याने सक्तीचा आहे, आणि उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हे आजींना ठाऊक होते. नातवाला पट्टा त्यांनीच लावला.

निघण्याआधी आजोबांनी खिशातली डायरी काढली आणि घाटाचा नियम लिहून मागितला. ज्या गिअरमध्ये गाडी हा घाट चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवायची, असे मी सांगितले. वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण सोडायचा, म्हणजे डिस्कला गार व्हायला अवधी मिळतो. पाय सतत टेकवून ठेवायचा नाही. वास आला किंवा पेडल मऊ लागला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबून तासभर बसायचे, आणि पेडल परत कडक लागला तरी ऑइल तपासल्याशिवाय पुढचा घाट उतरायचा नाही. धाकट्या मुलाची गाडी ऑटोमॅटिक आहे, तिचे काय, असे त्यांनी विचारले. तिच्यात लिव्हरवर एल किंवा २ (खालचे गिअर) असेल तर ते, नाहीतर मॅन्युअलची सोय असेल तर तिच्यावर हाताने खालचा गिअर निवडायचा, आणि उतारावर डी (ड्राइव्ह) वरून एन (न्यूट्रल) वर कधीच न्यायचे नाही, असे मी सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले आणि तिथूनच धाकट्या मुलाला फोन लावला.