आत्ता नको, बाबा

रविवार, रात्र

मनाला लावून घ्यावं असं खरं तर काहीच घडलेलं नाही. खो-खोच्या सामन्यात लेक संघाची कर्णधार. दोन डावांमधल्या सुट्टीत मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, बोलायला तोंड उघडलं आणि तिनं माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. "आत्ता नको, बाबा." आवाजात राग नव्हता. बाटली घेतली, शेजारच्या मुलीला दिली आणि पुन्हा त्या घोळक्यात डोकं घातलं. मी मुकाट्यानं चुन्याच्या रेषेबाहेर आलो. घरी येऊन चार तास झाले, जेवण झालं, तरी तो हात काही डोळ्यांपुढून हलत नाही.

पहाटे सरावाला कोण सोडतं? सूर मारून सोललेले गुडघे कोण धुतं? खांबाजवळ हुलकावणी कशी द्यायची, हे अंगणात दोन खुर्च्या मांडून कोणी शिकवलं? तिला हे कधीच ऐकवणार नाही. पण मनात आलं ते आलं.

आणि मला सांगायचं तरी काय होतं? दुसऱ्या डावात पहिल्या तुकडीत तू स्वतः उतर, एवढंच. संरक्षणाला, म्हणजे पळायला, तिघी-तिघी उतरतात. तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी. भक्कम तिघी आधी उतरल्या की संरक्षणाच्या ९ मिनिटांतली बरीचशी त्याच खाऊन टाकतात, कच्च्या मुलींवर फारशी वेळच येत नाही. खेळलेला कुणीही हेच सांगेल. हिनं स्वतःला ठेवलं तिसऱ्या तुकडीत आणि पहिल्या तुकडीत घातली ती लहानखुरी मुलगी, जी पहिल्या डावात आल्या आल्या बाद झाली होती. सोबत दोन पक्क्या.

ती पोरगी उतरली तेव्हा तिच्या पोटऱ्या थरथरताना मला लांबून दिसत होत्या. सुरुवातीला खांबालाच चिकटून राहिली. मग एकेरी साखळी धरली, बसलेल्या मुलींमधून नागमोडी, खाली वाकून, आणि पाठलाग करणारी हात टाकणार तोच दुसऱ्या बाजूला. मिनिटभराच्या वर टिकली. बाद होऊन बाहेर आली ती हसत.

सामना एका गुणानं गेला. तुकड्यांच्या क्रमाबद्दल माझं मत अजून तेच आहे.

परतीच्या वाटेवर विचारलंच. म्हणाली, "तिला शेवटी लपवली असती ना, तर नंतर आक्रमणाला ती पाटीवर नीट बसलीच नसती." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

यावर मी अजून विचार करतोय. आक्रमणाला आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी धावते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की खो द्यायचा, नाहीतर खांबाला वळसा घालायचा. तो खो पाठीमागून येतो, आणि येईपर्यंत बसलेलीनं उठायचं नाही. स्वतःबद्दल शंका असलेली मुलगी तिथे अर्धा क्षण उशिरा उठते आणि सगळ्यांची धाव वाया जाते. कर्णधारही त्याच पाटीवर, अर्ध्या मैदानाकडे पाठ करून बसलेली. तिथून ती कुणाला काय समजावणार? जे करायचं ते आधीच, त्या सुट्टीत. आज आक्रमणात त्याच लहानखुऱ्या पोरीनं खो मिळताच जी झेप घेतली...

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात आपण नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा मी सारखा हिला सांगत होतो, प्रियांका इंगळेकडे बघ, कर्णधार आहे ती. ही विचारत होती, बाहेर बसलेल्या मुली एकमेकींना काय सांगत असतील? मी म्हटलं, खेळ बघ.

नेतृत्व शिकावं म्हणून तर मैदानावर पाठवली. ते शिकली तर आडवा हात सगळ्यात आधी माझ्याचपुढे येणार, दुसरं जवळ आहे कोण? बरं वाटत नाही. पण हे असंच व्हायला हवं होतं, असं मघापासून वाटू लागलंय.

झोपायला जाताना माझी वही घेऊन आली. प्रत्येक सामन्यात ती किती वेळ टिकली ते मी त्यात लिहितो. "यात फक्त माझ्याच वेळा आहेत. सगळ्यांच्या लिहिशील?" तिघी एकदमच उतरतात, म्हणजे घड्याळ एकदाच सुरू करायचं आणि जी बाद होईल तिची वेळ टिपायची. जमेल. मी म्हटलं, लिहीन, पण क्रमाबद्दल मला अजून बोलायचंय. "मंगळवारी सराव संपल्यावर बोल," म्हणाली, "तेव्हा सगळ्या असतील."

जाईन.